मासोळी आणि उपासाचे गोळे

दुबईच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हाची गोष्ट. सोबतची पुण्याची नर्स मला एका साध्याशा फिलिपिनो हॉटेलात घेऊन गेली. मी भात आणि तळलेली मासोळी मागवली, शिवाय तळाशी काळे गोळे असलेला तिथला गार चहा. तिनं नुसता चहाच घेतला. म्हणाली, "हे गोळे साबुदाण्यासारखेच, उपासाला चालतात. आज चतुर्थी आहे, तूसुद्धा मासा नको खाऊस."

माझं डोकंच फिरलं. चंद्रपूरकडच्या सावली गावात आमच्या घरी साबुदाणा कधी शिजलाच नव्हता. आजोबा बौद्ध झाले त्या दिवशी देवांसोबत उपासही घराबाहेर गेले. एकादशीला शाळेत सगळ्या मुलींच्या डब्यात साबुदाण्याची उसळ असायची, म्हणून मी एकदा मायशी भांडले होते. भात वाढता वाढता ती म्हणाली, "आपल्या सात पिढ्या उपाशीच राह्यल्या. आता घरात तांदूळ असताना ठरवून काऊन उपाशी राहाचं?"

तेच वाक्य मी त्या पुण्याच्या नर्सला मायच्याच बोलीत ऐकवलं. चमचा बाजूला सारला, हातानं काटे काढून मासोळी भातात कालवली आणि तिच्यासमोर जेवले. एक घास मासोळीचा, एक घोट उपासाचा.