वेटिंग नंबर एकोणीस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तरोट्याची भाजी खुडणं. पावसाळा लागून महिना झाला होता, बांधाबांधावर कोवळा तरोटा माजला होता, आणि बुढी, म्हणजे माझी बायको, शेतातून येताना ओटीभर तोडून घेऊन आली होती. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो. ती शेंडे खुडून टोपल्यात टाकत होती, मी जून देठं काढून फेकत होतो. मी साफ केलेल्या भाजीतून ती पुन्हा देठं काढत होती. पन्नास वर्षांत माझं घरातलं एक काम तिला पसंत पडलं नाही.

हात चालू होते आणि भांडणही चालू होतं. विषय नातीच्या कॉलेजचा.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून पुण्याकडं कंपनीत कामाला आहेत, एका खोलीत राहतात. म्हणून पोरगी पाचवीपासून आमच्याजवळ, मंगरूळपीरच्या अलीकडं आमचं खेडं आहे तिथं. बारावी चांगली पास झाली. तिला नर्सिंग करायचं होतं. दोन ठिकाणी अर्ज भरले होते. पुण्याच्या मोठ्या सरकारी कॉलेजात तिचं नाव वेटिंग लिस्टमध्ये लागलं, आधी एकतीस नंबर, मग सव्वीस, मग एकोणीस, आणि तिथंच आठ दिवस अडकलं. अमरावतीकडच्या एका संस्थेच्या कॉलेजनं तिला घेतलं होतं. फी त्यांची, हॉस्टेल त्यांचं, दोन वेळचं जेवण त्यांचं. अट एकच, ठरल्या तारखेला पाच वाजेच्या आत मूळ कागद जमा करायचे आणि अर्जावर ज्याचं नाव पालक म्हणून आहे त्यानं स्वतः येऊन सही करायची. अर्जावर माझं नाव होतं. कागद जमा केले की पुण्याचा विषय संपला, कारण टीसी एकच असते.

मी पुण्याच्या बाजूचा होतो. हे मी आज लपवत नाही.

"पुन्याचं सरकारी कालेज हाये," मी म्हटलं. "नाव सांगतलं का मानूस उठून उभा राह्यते."

"कोन उभा राह्यते?"

"लोकं."

"बसू द्या त्यायले. त्यायचं काय काम हाये?"

"तुले समजत नाई."

"मले येवढं समजते का पुन्यावाल्यायनं पोट्टीले अजून घेतलं नाई. अन् हे बोलावून राह्यले."

"फुकट बोलावून राह्यले. फुकटातलं मी जलमभर खाल्लं. रेशनच्या गव्हात किती खडे निंगतात ते तुलेच मालूम."

"खडे निंगतात, पन तुमचे लेकरं त्याच गव्हावर मोठे झाले ना."

मला राग आला. मी चौथीपर्यंत शिकलो आणि चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. ज्या कचेरीच्या भिंती मी उभ्या केल्या, त्याच कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार दिवस त्याच भिंतीला टेकून उभा राहिलो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी मान किती वाकवावी लागते ते मला माहीत होतं, आणि नातीची मान वाकू नये असं मला वाटत होतं. ते तिला नीट सांगता आलं असतं. मी काय म्हटलं तर, "तुले काय समजते? अंगठेबहाद्दर."

तिनं टोपलं उचललं आणि म्हणाली, "हात धुऊन घ्या. भाकर टाकाची हाये."

जेवताना मी मीठ मागितलं, तिनं दिलं. भाजी चांगली झाली होती. तेही मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळावरून आली आणि म्हणाली, छातीत जळजळते. ओव्याचं पाणी प्याली, भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, रात्रीचा तरोटा बाधला असेल. तिनं मान हलवली. मग ती एका बाजूला कलली ती कललीच. शेजारच्याच्या जीपमध्ये घालून मंगरूळपीरला नेलं. डॉक्टरनं जीपमध्येच पाहिलं, खाली उतरवूसुद्धा दिलं नाही. आठ वाजता आम्ही तिला घेऊन घरी परत.

मुलगा आणि सून पुण्याहून यायला पाच वाजले. सहाला आम्ही तिला नेलं. पाऊस भुरभुरत होता आणि लाकडं ओली म्हणून रॉकेल मागवावं लागलं, त्यावरून दोघं जण माझ्यादेखत एकमेकांवर खेकसले.  माझ्यात त्या वेळेला काही राहिलंच नव्हतं.

आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतात, मग बुद्धवंदना होते. तोवर घरची चूल पेटत नाही आणि घरचं माणूस गाव सोडत नाही. जेवण शेजारपाजारचे आणतात. त्या संध्याकाळी कोणी पिठलं-भाकर आणली होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी, माझा मुलगा, कामरगावहून आलेली माझी मोठी बहीण आणि भावकीतली चार माणसं. सून आणि नात आत होत्या. अमरावतीची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. म्हणजे राखेच्या आदल्या दिवशी.

मुलानंच विषय काढला. "बाबा, आता अमरावतीचं सोडून देऊ. उद्या कोन जाईन? पुन्याचं होऊन जाईन."

"एकोनीस नंबर हाये," मी म्हटलं.

"सरकते ना नंबर. अन् तुमीच तं फोनवर म्हनत होते, फुकटातलं नको म्हनून."

म्हणत होतो. त्याच्या तोंडून ऐकताना मात्र ते दुसऱ्याच कोण्या माणसाचं बोलणं वाटलं, आणि तो माणूस मला आवडला नाही.

बहीण म्हणाली, "बरंच झालं म्हना. नंबर लागेपर्यंत पोट्टी घरी राहीन. नाई तं बुढ्याले भाकर कोन टाकीन?"

"हो, तेबी हाये," मुलगा म्हणाला. भावकीतल्या चौघांनी माना हलवल्या. एकानं तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मोठा उपकार केल्यासारखा.

"अन् नाई लागला नंबर तं?" मी विचारलं.

"नाई लागला तं पुढच्या साली पाहू," बहीण म्हणाली. "पोरीची जात हाये. तवापर्यंत एखादं चांगलं स्थळ आलं तं तेबी पाहू."

कालपर्यंत पुण्याचा हट्ट माझा होता. आज तो सगळ्यांचा झाला होता, आणि त्यात नर्सिंग कुठंच नव्हतं. त्यात माझी भाकर होती. पोरगी वाट पाहणार, तोवर चुलीपुढं बसणार, मग कोणी पाव्हणे येणार. हे कोणी वाईट मनानं ठरवत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. भांडायला समोर कोणी वाईट माणूस तरी पाहिजे.

मी गप्प बसलो, तर बहिणीला वाटलं मला पटलं. तिनं आवाज खाली आणला. "तुले एक सांगू का, पोट्टीचं लक्षन काई बरं नाई. बुढी अंगनात ठेवलेली, अन् हे मांगच्या दारात उभी राहून कालेजात फोन लावून राह्यली होती. म्या सोता पाह्यलं. डोयात पानी नाई."

मी नातीला हाक मारली. ती पाण्याचा गिलास घेऊन दारात आली.

"फोन केला होता तू?"

"हो."

"कवा?"

"दुपारी. आईबाबा याच्या आंधी."

"काय म्हनली?"

"म्हटलं, माही आजी वारली, दोन दिवस द्या." तिचा आवाज एवढासा होता की कोपऱ्यातल्या माणसाला ऐकू गेला नसेल. "मॅडम म्हनल्या, देता येत नाई बेटा. तुह्या मांगं बाकीच्या पोरी उभ्या हायेत. उद्या पाचपर्यंत ये, पालकाले घेऊन ये."

"मंग सांगितलं काहून नाई मले?"

"कवा सांगू, आबा? तुमी आजीचे पाय धरून बसले होते."

बहीण म्हणाली, "पाह्यलं? असं वरतून बोलनं."

"तू गप बस व," मी तिला म्हटलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे, असं मी तिला कधी बोललो नव्हतो. मग नातीला म्हटलं, "तुले जाचं हाये?"

ती हो म्हणाली नाही. घरचं मढं जळून दोन तास झालेले, कोणती पोरगी हो म्हणेल? तिनं गिलास माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आजीनंबी फोन केला होता तिथं."

"कोनाच्या आजीनं?"

"माह्या. मांगच्या आठवड्यात. मले म्हने, नंबर लावून दे, अन् तुह्या आबाले सांगू नको, थे बोंबलतीन."

सून आतून बाहेर आली. पोरगी सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो. बुढीनं त्या मॅडमला विचारलं होतं, मोरीला आतून कडी आहे का. पोरी आजारी पडल्या तर रात्री कोण पाहते. भाजीत तेल किती टाकता. मॅडम कंटाळली नाही, सगळं सांगत गेली. मग बुढीनं विचारलं, "तुमी फुकट कायले देता व बाई?" मॅडम हसली. म्हणाली, शिकून झालं की मुलींनी दोन वर्षं आमच्या दवाखान्यात नोकरी करायची, पगार देतो. तर बुढी म्हणाली, "मंग फुकट कुठं झालं? तसं सांगा ना."

मी महिनाभर फुकट-फुकट म्हणून डोकं फिरवलं होतं. हा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही. आणि जिला सुचलं तिनं मला सांगितलं नाही. भाजी खुडताना सांगणारही असेल, पण त्याआधी मी तिला अंगठेबहाद्दर म्हटलं. आता राग कोणावर काढू? तिच्यावर काढता येत नव्हता, तिला आत्ताच जाळून आलो होतो. तरी खरं सांगतो, मला तिचाही राग आला. पन्नास वर्षं प्रत्येक देठासाठी बोलणारी बाई, एवढं बोलायचं होतं तेव्हा टोपलं उचलून आत गेली.

मी मुलाला म्हटलं, "तुह्यी सही चालते का तिथं, इचार."

"नाई चालत," नात म्हणाली. "म्या इचारलं. अर्जावर आबाचं नाव हाये."

"मंग राहू द्या," मुलगा म्हणाला. "तुमी कसे जान? लोकं काय म्हनतीन?"

 पिठलं थंड झालं होतं, तसंच खाल्लं.

सकाळी पाचला उठलो. आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. नात उठलेलीच होती. कागदांची पिशवी तिनं ओढणीखाली धरली होती, चोरी करून निघाल्यासारखी. मी म्हटलं, वर धर. बहीण ओट्यावर दात घासत बसली होती.

"कुठं चाल्ला?"

"अमरावतीले."

"अरे, उद्या राख हाये!"

"उद्याच्या राखेले येतो ना मी. आज काई नाई हाये."

"बायकोची राख थंडी नाई झाली अन्..." तिनं पुढं जे म्हटलं ते लिहीत नाही. दुःखात माणूस बोलतो. मुलगा बाहेर आला, माझ्याकडं पाहिलं, आत गेला. मला वाटलं रागानं गेला. तर सुनेच्या पर्समधून पैसे घेऊन आला आणि फाटकापर्यंत सोडायला आला. 

मंगरूळपीरहून कारंजा, कारंजाहून अमरावती. बसमध्ये पोरगी रडायला लागली ती कारंजापर्यंत थांबली नाही. शेजारची बाई मला विचारत होती, काय झालं हो पोरीले? मी म्हटलं, कॉलेजात चाल्ली. बाई म्हणाली, मंग रडते कायले? मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कारंजा सोडल्यावर नात म्हणाली, "आबा, तुमचं जेवाचं कसं?" मी म्हटलं, "मले दोन हात हायेत. विटा उचलल्या, पीठ मळता नाई येईन का?" मळता येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

साडेअकराला पोहोचलो. टेबलामागं मॅडम बसली होती. तिनं एकेक कागद पाहिला, टीसी पाहिली, मग छापील फॉर्म माझ्यापुढं सरकवला आणि पालकाच्या रेघेवर बोट ठेवलं. मी नाव लिहिलं. शेवटचं अक्षर रेघेच्या खाली उतरलं. मी विचारलं, चालते का? चालते म्हणाली. मग नातीकडं पाहून हळूच म्हणाली, "कालच गेल्या ना आजी? बसा बाबा तुम्ही. चहा मागवते."

मी म्हटलं, "चहा राहू द्या बाई. पहिले पावती द्या."

तिनं पावती दिली. मी ती नातीकडं दिली नाही, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली. मग बसलो आणि चहा घेतला.