मार्लिस ऑस्टबीची दुसरी परीक्षा

मार्लिस ऑस्टबी पहिल्यांदा नापास झाली ती ऑक्टोबरात, आणि तेव्हापासून तिचं बूड एका जागी टेकलं नाही. अमेरिकेत डुलुथला मिस्टर हॅगन वकिलांच्या ऑफिसात ती चोवीस वर्षं पॅरालीगल होती. म्हणजे दाव्याचा मसुदा करायचा, तारखा सांभाळायच्या, साक्षीदारांना धीर द्यायचा आणि शेवटी सहीपुरतं वकिलाला उठवायचं. कोर्टातले कारकून अडले की हॅगनना नाही, हिला फोन करत. अशा बाईला परीक्षेला बसवायचं म्हणजे हद्द झाली! पण हॅगनसकट ऑफिस आता मिनिआपोलिसच्या एका मोठ्या फर्मने घेतलं होतं आणि त्यांचं फर्मान साफ होतं. मार्चअखेर पॅरालीगलचं प्रमाणपत्र नसेल त्याच्या हाती फाइली राहणार नाहीत. मग मार्लिसने काय करायचं? दाराजवळच्या टेबलावर बसून आल्यागेल्याला कॉफी विचारायची.

बाकीच्या विषयांत तिला अडचण नव्हती. ती आपटली ती व्यवसायाच्या नीतिनियमांत, आणि हेच तिला झोंबलं होतं. आयुष्यात कुणाची पेपरक्लिप घरी न नेलेली बाई ती.

शेजारच्या टेबलावरची टेसा सत्तावीस वर्षांची, पहिल्या झटक्यात पास झालेली. जेवणाच्या सुट्टीत ती मार्लिसचा अभ्यास घ्यायची. घड्याळ लावून पन्नास प्रश्न सोडवायचे, मग चुकलेल्या प्रत्येकापुढे का चुकलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मार्लिस सँडविच तसंच ठेवून पेन्सिल कुरतडत बसायची.

"वकील बाहेर गेलाय. अशिलाचा फोन येतो, करारावर सही करू का? तू काय सांगशील?" टेसाने विचारलं.

"वकील येईपर्यंत थांबा म्हणेन."

"चूक."

"चूक कशी? अगं, कर म्हटलं नाही, करू नको म्हटलं नाही. नुसतं थांबा म्हटलं!"

"थांबा हाच सल्ला झाला, बाई. सल्ला वकिलाने द्यायचा. तू म्हणायचं, मला सांगता येणार नाही, मी वकिलांशी बोलते."

"चोवीस वर्षं मी थांबाच म्हणत आलेय."

"म्हणून तर चुकतेस. तू प्रश्न वाचतच नाहीस, आपलं ऑफिस आठवत बसतेस. विसर ते."

मार्लिसला तिचा राग आला आणि पोरीचं खरं आहे म्हणून आणखीच आला. चुकांची वही उघडली की त्यातली प्रत्येक चूक म्हणजे तिने कधीतरी कुणाला केलेली मदत होती. तरी ती हट्टाला पेटली. गाडी चालवताना, भांडी घासताना, बर्फ उपसताना टेसाने दिलेलं ते वाक्य ती घोकू लागली. महिन्याभरात ते अडखळल्याशिवाय तोंडातून निघायला लागलं.

परीक्षा मंगळवारी होती. आधीच्या गुरुवारी सकाळी आर्लीन एक्मन या ऑफिसच्या जुन्या अशील बाईंचा फोन आला. ट्रकने धडक दिल्यापासून त्यांचा खांदा वर जात नव्हता.

"मार्लिस, ट्रकवाल्याच्या विम्याचा माणूस आलाय गं, इथे स्वयंपाकघरातच बसलाय. फार सज्जन आहे, दोन लेमन बार खाल्ले त्याने. सही केली की आजच सगळं मिटेल म्हणतो. करू?"

खांद्याचं ऑपरेशन करावं लागणार का, हे अजून डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं. सही झाली की पुढे काही मागायचा हक्क संपला. 'थांबा' अगदी जिभेवर आलं होतं. मार्लिसने ते गिळलं.

"मला सांगता येणार नाही, एक्मनबाई. मी मिस्टर हॅगनशी बोलते."

"बरं," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

उत्तर बरोबर आलं होतं. मार्लिसने निरोप लिहिला, वर वेळ टाकली आणि चिठ्ठी हॅगनच्या टेबलावर ठेवली. बसली. उठली. पाणी प्यायली. पुन्हा बसली. मग ताडकन उठली. बोलते म्हटलं, पण बोलली कुठे? वाक्य तोंडात इतकं बसलं होतं, की त्यात एक काम सांगितलंय याचा तिला पत्ताच नव्हता. हॅगन तर समोरच्या कोर्टात होते.

चिठ्ठी उचलून ती कोट न घालता, फेब्रुवारीच्या थंडीत, रस्ता ओलांडून धावली. कोर्टाच्या शिपायाच्या हाती ती आत पाठवली. हॅगन सुनावणीतून बाहेर आले, ऐकलं आणि म्हणाले, "सही करू नका म्हणावं. माझ्या नावाने सांग." तिने तिथूनच फोन लावला.

"केली की गं," एक्मनबाई म्हणाल्या. "तू नेहमी थांबा म्हणतेस. या खेपेला नाही म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, सगळं ठीक असेल."

हॅगननी त्याच दुपारी विमा कंपनीला पत्र धाडलं, पण हाती काही लागेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. मंगळवारी तोच प्रश्न अकरावा आला. मार्लिसने क्षणात बरोबर खूण केली आणि पुढे बराच वेळ तिला बारावा प्रश्न वाचता येईना.

ती पास झाली. फाइली तिच्याकडेच राहिल्या. टेसा नाचली, आणि मार्लिस बाथरूममध्ये जाऊन रडली. आनंदाने रडतेय असं सगळ्यांनी धरलं. तिनेही कुणाला दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक्मनबाईंचा फोन आला. "पास झालीस म्हणे! बरं वाटलं बघ. इथे विमावाल्यांचा आणखी एक कागद आलाय. आता तरी तुला सांगता येईल ना?"

"नाही, एक्मनबाई. आताही नाही," मार्लिस खुर्चीतून उठत म्हणाली. "पण फोन ठेवू नका. मी मिस्टर हॅगनना हाताला धरून आणते."