होडीची पोकळ खुंटी

वकीलसाहेबांची होडी नाशिकरोडला मालगाडीतून उतरली तेव्हा तिच्या अंगावर पितळेचा कण उरला नव्हता. मुंबईहून निघताना सगळं जागच्या जागी होतं म्हणे. वाटेत कुणीतरी सावकाश स्क्रू काढून नेलं. होडी जुनी, माझ्या बापाच्या वयाची, अस्सल सागवानी. विलायतेला परत निघालेल्या कुण्या साहेबाकडून वकीलसाहेबांनी हौसेनं घेतलेली. ती आनंदवलीच्या डोहात ठेवायची, दसऱ्याला पूजा करायची नि आईला तिच्यातून फिरवून आणायचं, असा त्यांचा बेत.

मला तिथं बोलावलं ते मी कोकणातला म्हणून. वय असेल एकोणीस-वीस. खाडीकाठच्या गावात मराठी चौथीत शाळा सुटली, मग बापाबरोबर शिडाच्या मचव्यावर. बाप गेल्यावर मुंबई, तिथं कुणी उभं करीना, म्हणून एका गाववाल्याच्या ओळखीनं नाशिकच्या तांबट आळीत. ज्या तांबटांनी मला ठेवून घेतलं त्यांना मी काका म्हणत असे. काम म्हणजे भाता मारायचा नि भांडी चिंचेनं घासायची. झोपायला दुकान, जेवायला त्यांचं घर. वाढताना काकूंचा हात कधी आखडला नाही. तरी मी प्रत्येक घासाला मनात म्हणायचो, उद्या यांना आपण नकोसे झालो तर? ही धास्ती त्यांनी मला घातली नव्हती. मीच ती गावाहून बरोबर आणली होती.

होडी डोहाच्या काठी ओढून ठेवली होती. वकीलसाहेब म्हणाले, "काय रे कोकण्या, कुठं काय होतं ते सांगता येईल?"

सांगता येत होतं. पितळ गेलं तरी त्याची सावली लाकडावर राहते. पुढच्या टोकाशी, वरच्या फळ्यांवर, चार भोकं होती नि त्यांच्याभोवती लांबट, उन्हानं न रापलेला डाग. मी म्हटलं, "इथं दोन शिंगांची खुंटी होती. होडी बांधायची ती हिलाच. अशीच एक मागं."

"आणि ही कडेची दोन भोकं? मला वाटलं कंदील टांगायला."

"तिथं नुसती वाट असते, साहेब. दोर तिच्यातून न्यायचा, म्हणजे लाकडाला घासत नाही. नवखा माणूस तिथंच गाठ मारतो नि फसतो."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. नाशकात आल्यापासून कुणी माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं. शेजारी काका उभे होते. आपणच हे पितळ केल्यासारखे खूश. अगदी पुढं, टोकाच्या लाकडात ठोकलेली एक लोखंडी कडी तेवढी चोरांनी सोडली होती.

काकांनी काम अंगावर घेतलं. मी दुकानाच्या फरशीवर कोळशानं खुंटी काढून दाखवली. दोर आधी बुडाशी एक वेढा घेतो, मग एका शिंगावरून दुसऱ्या शिंगावर तिरपा जातो, शेवटचा फेरा उलटा करून दाबायचा, हे सुतळीनं करून दाखवलं. काकांनी विचारलं, "जोर कुठं येतो?" मी म्हटलं, "बुडाशी." त्यांनी मान हलवली. खुंटी भरीव असते, हे मात्र मी बोललो नाही. भरीव नसलेली खुंटी कुणी करील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तांबटाच्या हातून पत्र्याशिवाय दुसरं काही निघेल, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांची सगळी हयात पत्रा ठोकून त्याला पोट आणण्यात गेलेली.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दोन्ही खुंट्या झाल्या नि त्यांनी पुढची माझ्या हातात दिली. इतकी देखणी वस्तू मी होडीवर कधी पाहिली नव्हती. शिंगांना गाईच्या शिंगांचा बाक, सगळ्या अंगावर ठोक्यांची बारीक नक्षी, सांधा कुठं ते शोधून सापडेना. पण हात तिच्या वजनाला तयार होता नि वजन आलंच नाही. मी हळूच टिचकी मारली. घागरीसारखी वाजली.

"कशी आहे?" काकांनी विचारलं. काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरही तोच प्रश्न.

"झकास," मी म्हणालो.

आता वाटतं, ती टिचकी काकांनीही ऐकली असणार. पण घागर वाजते ती चांगलीच असते, असं त्यांचं शास्त्र.

दसऱ्याला डोहावर ही गर्दी. होडीला झेंडूच्या माळा, टोकावर नारळ. काका नवं पागोटं बांधून पहिल्या रांगेत. नदीला अजून पावसाळ्याची ओढ होती. मी होडी बांधली, पण मनाला चैन पडेना, म्हणून कुणाला न सांगता एक जादा दोर त्या लोखंडी कडीतून घेऊन बाभळीला आवळला. माझा हिशेब असा की खुंटी दिसायला राहील नि होडी कडी धरून ठेवील.

वकीलसाहेबांनी तो दोर पाहिला. "ही मधेच चऱ्हाटं कशाला? इतकी सुंदर खुंटी केलीय काकांनी, तिच्यावर विश्वास नाही का तुझा?"

लोक हसले. काकाही हसत माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात मी बोलायला हवं होतं. साहेब, ती पोकळ आहे, एवढे चार शब्द. मी म्हटलं, "आहे की," आणि दोर सोडला.

पाच-सहा जण चढून बसले. शेवटी वकीलसाहेबांची आई फळीवरून निघाली. होडी प्रवाहाकडं झुकली, दोर ताणला, आणि पुढची खुंटी आवाज न करता चेपून बसली, पाय पडलेल्या द्रोणासारखी. दोर निसटला. पुढचं टोक गर्रकन बाहेर फिरलं, फळी गेली, म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात बसली. होडीची कूस खडकावर आपटून एक फळी उभी चिरली. मी उडी टाकून मागचा दोर धरला. दोघांनी आजींना वर काढलं, तर त्या ओरडताहेत, "अरे मेल्यांनो, माझी आंघोळ झालीय सकाळी!"

कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. पण वकीलसाहेबांनी ती चेपलेली खुंटी उचलली नि सगळ्यांसमोर काकांपुढं धरली. "अहो, मी खुंटी मागितली होती. लोटीचं बूड नव्हतं मागितलं!"

काकांनी ती घेतली आणि उपरण्यात गुंडाळली. वाटेत एकदाच म्हणाले, "तुझ्या हातात दिली होती रे मी. तुला काही वाटलं नव्हतं?"

"मला काय कळतंय, काका," मी म्हटलं.

होडीतलं सगळं कळतं म्हणून ज्याला नेला होता, त्याचं हे उत्तर.

आळीला विषय मिळाला. समोरचे तांबट रोज दुकान उघडताना हाळी द्यायचे, "काय काका, आज घागर सोडायची का होडी?" एक घर रुखवताची भांडी सांगून गेलं होतं, ते परत आलं नाही, समोरच्या दुकानात त्यांचा हंडा ठोकला जाताना आम्ही ऐकला. काका ठोकत राहायचे. फक्त पूर्वी काम करताना गुणगुणायचे, ते थांबलं.

आठ-दहा दिवसांनी ते एका ओताऱ्याकडं गेले, समोर उभं राहून दोन खुंट्या भरीव ओतून घेतल्या. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांनी नवी खुंटी माझ्या डाव्या हातात ठेवली. "आता?"

हात खाली गेला. हे ते वजन. मी उजव्या हातातला घास ताटात ठेवला. मी सांगून टाकलं. टिचकी मारली ते, आवाज ऐकला ते, कडीतला दोर कशासाठी होता ते, सगळं.

काकांनी खुंटी माझ्या हातातून काढून खाली ठेवली. मग म्हणाले, "तेव्हा का नाही बोललास? मी काय तुझं जेवण बंद केलं असतं?"

मी मान खाली घातली. नाही म्हणायला हवं होतं, पण ते खोटं झालं असतं. त्यांना ते कळलं. काका ताटावरून उठले. अर्धी भाकरी तशीच राहिली. काकू म्हणाल्या, "अरे, असं कसं वाटलं रे तुला?" त्यात राग असता तर बरं झालं असतं.

मी तसाच उठून आळीत गेलो नि समोरच्या दुकानापुढं उभा राहिलो. मोठ्यानं म्हणालो, "खुंटी हलकी आहे हे मला ठाऊक होतं. काकांना होडीतलं काय माहीत? सांगायचं काम माझं होतं. मी गप्प बसलो."

समोरच्यांनी हातोडा थांबवला. "मग इतके दिवस रे काय करत होतास?"

"खात होतो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. चेष्टा त्या दिवसापासून माझ्याकडं वळली, पोकळ कोकण्या म्हणून. ती मला सोसली. वकीलसाहेबांकडंही जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं बरं, नव्या बसव." त्यांनी काकांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

काका चार दिवस माझ्याशी काकूंमार्फत बोलले. पाचव्या दिवशी एक पातेलं पुरं करून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "बोल, यात काय चुकलंय?"

मी फिरवून, वाजवून, उजेडाकडं धरून पाहिलं. "काही नाही, काका."

"खरंच?"

"खरंच."

पुढं मी तिथं तीन वर्षं होतो. प्रत्येक भांडं ते मला असंच दाखवत. कधी मी खोट काढली, कधी नाही; प्रत्येक वेळी खरं बोललो. आणि प्रत्येक वेळी, मी "चांगलं आहे" म्हटल्यावर, ते भांडं परत घेण्याआधी क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत थांबायचे.