कृष्णाबाईची वीत

चौऱ्याऐंशीच्या थंडीत म्युनिसिपालिटीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं आणि वेसाव्याच्या कृष्णाबाई कोळणीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुकटात निघाला. डावा पुढच्या वर्षी काढू, असं डॉक्टर म्हणाले. दीड महिन्यानं जाड, फुगीर भिंगांचा चष्मा हाती आला. "आता सगळं दिसेल, मावशी," एवढं बोलून देणाऱ्यानं रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.

दिसत होतं खरं. पण दाराची चौकट वाकून अंगावर येई. चहा कपात ओतावा तर बशीत सांडे. पांढऱ्या पातळावर निळी झाक दिसे.

"एवढी नील कशाला घातलीस गो?"

"नीलच नाय घातली, आये," सून जयंती म्हणाली.

अंधेरीच्या बाजारातली बसायची जागा कृष्णाबाईला सासूकडून मिळालेली. चार वर्षं नजर धूसर होत गेली, तरी बंदरावरच्या लिलावात माल तीच घेई. पाटीत हात घातला की मासळी ताजी की शिळी, मोठी की लहान, बोटांनाच कळे. तिला दिसत नाही हे फक्त जयंतीनं ओळखलं होतं. "आता दिसाया लागलं, बरं झालं," ती म्हणाली. "पण माल चुकला तर लिलावाला मी जाईन. तू घरी बस."

चष्मा लावून कृष्णाबाई पहिल्यांदा बंदरावर गेली, तेव्हा तिनं पाटीत हात घातलाच नाही. कशाला घालायचा? पापलेटं लख्ख दिसत होती, ताटाएवढी रुंद. तिनं बोली चढवली. बाकीच्या बायकांनी बोली सोडली. शेजारची सखुबाई हसली, "म्हातारीला नवा डोळा फुटलाय, आता आपली वाट लागली!" कृष्णाबाईची छाती फुगली.

बाजारात नेहमीच्या गिऱ्हाईक वनमालाताई आल्या. "हे काय कृष्णाबाई, आज एवढीशी पापलेटं?"

"एवढीशी? डोळे तपासून घ्या, बाय!"

वनमालाताई हसून पुढच्या कोळणीकडे वळल्या. जयंती हळूच म्हणाली, "लहानच हायेत, आये."

कृष्णाबाईनं चष्मा काढला. धुकं. पापलेट हातात घेतलं. लहान. चष्मा लावला. मोठं. पुन्हा काढला. इतकी वर्षं हात खोटं बोलला नव्हता. मग डोळा खोटं बोलतोय? सगळ्यांनी बरा झाला म्हणून सांगितलेला डोळा?

दुपारी ती शाळेत गेली. ऑपरेशन झालेल्या खोलीत पोरं पाढे म्हणत होती. "शिबिर गेलं," शिपाई म्हणाला. "पुढच्या वर्षी बघ."

"चष्म्यातून सगळं मोठं का दिसतं, ते कुणाला इचारू?"

"मोठं दिसतं ते चांगलंच की, आजी."

चांगलं की वाईट, हेच तर तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे जयंती पाटी घेऊन पुढं झाली. कृष्णाबाईनं तिचा हात धरला. "एक डाव. मग तू हायेसच."

लिलावाच्या ढिगाशी ती उकिडवी बसली. पापलेटं पुन्हा ताटाएवढी. तिनं एकावर पंजा पसरला आणि दचकली. तिचा हातही केवढा तरी झाला होता, कुणा परक्या बाईचा असावा तसा. अंगठा शेपटीशी, करंगळी तोंडाकडे. करंगळीच्या टोकापर्यंत मासा पोचतच नव्हता. हात मोठा, मासा मोठा, आणि तरी वीत भरत नव्हती.

"बोल गो कृष्णे," सखुबाई म्हणाली.

कृष्णाबाई हाताकडे बघत राहिली. हाताचं ऐकलं की डोळ्याचं, हे तिला सांगता आलं नसतं.

"लहान हाय," ती म्हणाली आणि पुढच्या ढिगाकडे सरकली. जयंती रिकामी पाटी घेऊन तिच्या मागं गेली.