पालखीचा पहिला खांदा

गावदेवीच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. थोरल्याने उचलायची, त्याला जमत नसेल तर पाठच्या भावाने. दोघं हयात असेपर्यंत पोरांची पाळी येत नाही; दोघांनाही जमलं नाही तर मान दुसऱ्या घरात जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. जुईनगरच्या इमारतींनी गावाला वेढलं, मिठागरं गेली, पण हा नियम आहे तिथेच आहे.

मी चौथी नापास, पण खांदा माझा दगडासारखा. धाकटा भाऊ दहा वर्षं बीपीची गोळी घेतो आणि रोज सकाळी डॉक्टरने सांगितलं म्हणून चालायला जातो. मी त्याला चारचौघांत "ए गोळी" अशीच हाक मारायचो. लोक हसायचे. तोही हसायचा. गोळी मलाही लिहून दिली होती, मी घेतली नाही. खुर्चीत बसून मोजलं की एकशे छत्तीस यायचं, मग घ्यायची कशाला?

यंदा जत्रेच्या तोंडावर जिना चढताना मला अंधारी आली. सूनबाईने बघितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टर हो बोलला तर पालखी. नायतर नाय."

सानपाड्याला सरकत्या पट्ट्यावर चालवून बीपी मोजतात, तिथे गेलो. मशीनवाली पोरगी म्हणाली, "आजोबा, बूट घाला."

"मिठाच्या पाट्या अनवाणी वाहिल्यात मी. तुझ्या रबरावर बूट कशाला?"

तिने पट्टा चढाला लावला. थोडा वेळ चाललो असेन, तिने मशीन बंदच केलं. दोनशे बत्तीस.

डॉक्टर म्हणाला, "काका, तुम्ही बसलात की दाब बरा दिसतो, चाललात की उसळतो. रक्तवाहिन्या कडक झाल्यात. मऊ नळी पाण्याचा जोर आला की फुगते, कडक नळीला फुगता येत नाही. खांद्यावर वजन अजिबात नको."

हीच तपासणी भावाने गेल्या वर्षी पूर्ण केली होती. सगळं ठीक असल्याचा कागद तो मला दाखवायला घेऊन आला होता. मी त्या कागदावर भजी काढून ठेवली होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी देवळात गाव बसलं. माझ्या तपासणीची बातमी आधीच पोचली होती. एक म्हातारा म्हणाला, "मग यंदा धाकट्याचा खांदा."

भाऊ उठून उभा राहिला. नवं धोतर नेसून आला होता.

मी म्हणालो, "त्याला धा वर्सं गोल्या चालू हाईत. वाटेत पडला, देवी रस्त्यावर आली, तर गावाचं काय व्हायचं?"

"दादा, माझा रिपोर्ट नीट हाय. तुला म्हाईत हाय."

"मना काय म्हाईत नाय."

देवी पडायची गोष्ट काढल्यावर कोण बोलणार? मान पलीकडच्या आळीतल्या घराला गेला. भाऊ उभाच होता. कोणीतरी त्याला म्हणालं, "बस रे गोळी." लोक हसले. या वेळी तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या दारावरून दुसऱ्यांच्या खांद्यावर गेली. भाऊ हात जोडून माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "दादा, आपल्या पोरांचापन मान गेला."

"जाऊ दे," मी म्हणालो.

त्याच्या खांद्यावर पालखी मला बघायची नव्हती. बाकी काही कारण नव्हतं.