जहाजावरची वेळ

माझी धाकटी बहीण नवऱ्यासोबत युरोपात क्रूझवर गेली, तेव्हा आई नेहमीप्रमाणे माझ्याकडे, हिंगणघाटला होती. तिची औषधं, आंघोळ, मऊ भात सगळं मीच बघते. पण त्या दिवसांत आई जगत होती ती धाकटीच्या फोनसाठी. वेणी घालून ती सकाळीच हॉलमध्ये येऊन बसायची आणि विचारायची, "तिच्याकडं किती वाजले असतीन?"

मी हिशेब करून सांगायची, आणि सांगताना जळायची. फिरायला म्हणून मी कुठे गेलेच नव्हते. व्हिडिओ कॉलवर निळं पाणी दिसायचं, बहिणीचा नवा गॉगल दिसायचा, आणि आई मोबाइलच्या काचेवरून हात फिरवायची.

एकदा फोन आला तर धाकटी रडत होती. जहाज इटलीहून ग्रीसकडे निघालं, तसं घड्याळ एक तास पुढे करायची सूचना झाली होती. मोबाइल आपोआप बदलेल, या भरवशावर ही राहिली. भर समुद्रात तो कसा बदलणार? गाव दाखवायला नेणारी बस निघून गेली होती आणि नवरा बोलत नव्हता.

ऐकून मला आधी बरंच वाटलं. मग म्हटलं, "रडून काऊन राह्यली? हातातल्या घड्याळात जहाजाची वेळ लाव अन् तेच पाहत जा. खाली उतरली तरी गावातल्या घड्याळावर जाऊ नको. जहाज त्याच्याच वेळेवर सुटते."

"ताई, हे मले सुचलंच नाई."

हेव्यापोटी क्रूझचे व्हिडिओ मी इतके पाहिले होते, की मला सुचणारच.

पुढे तिची एकही बस चुकली नाही. आई शेजारणीला सांगू लागली, "माही लहानी मोठी हुशार. रोज घड्याळ बदलते, पण तिची चूक होत नाई."

"मी सांगितलं तिले," मी भाजी निवडता निवडता म्हणाले.

"तू तं घरीच असते. तुले काय माहीत?"

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "मलाही समुद्र पाहायचाय." तो हसला, मग माझा चेहरा पाहून मोबाइलवर कोकणच्या गाड्या शोधू लागला.

दिवाळीनंतर आईला नागपूरला धाकटीकडे सोडून आम्ही कोकणात गेलो. वाळूत बसून मी आईला फोन लावला. करमत नसेल तिला, अशी माझी खात्री होती.

"मस्त आहे इथं," आई म्हणाली. "आरामात येजो, घाई करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बॅग भरायला घेतली.