फलकावर नसलेल्या बाया

गयाबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवऱ्यामागं भिलाईला आल्या आणि जवळच्या नंदिनी गावाकडं एका ठेकेदाराच्या खाणीत त्यांनी एकोणीस वर्षं चुनखडीची टोपली वाहिली. आता पंच्याहत्तरीत त्या सेक्टर दोनमध्ये मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत. एका रविवारी नात उन्नती त्यांना गावाबाहेरच्या लहानशा उघड्या संग्रहालयात घेऊन गेली. कडुलिंबाखाली इंग्रजांच्या काळातलं वाफेचं इंजिन होतं, आणि शेजारी खाणीतली लोखंडी ढकलगाडी.

गयाबाईंनी गाडीच्या काठावरून हात फिरवला. "काय लिहिलं, वाच."

उन्नतीनं वाचलं, की या गाड्या पुरुष मजूर हातानं भरत.

"पुरुष दगड फोडत. भरत होतो आमी बाया. चाल, साहेबाले सांगू."

"आजी, जाऊ दे ना. कोण वाचते हे?"

"तू वाचलं ना आत्ता."

तिथली देखरेख भूपेंद्र नावाच्या नागपूरकडच्या माणसाकडे होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं खरंच असन, आजी. पण कागदाबिगर फलक नाही बदलता येत."

गयाबाईंचं हजेरी कार्ड कधीच वाळवीनं खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी त्या उन्नतीसोबत दुर्गला गेल्या. तिथं रुक्मा राहत होती, खाणीतली त्यांची जोडीदारीण. कार्डाचं नाव काढताच रुक्मानं मान फिरवली.

"पोराले आवडत नाही गया, मायनं टोपली वाहिली म्हणून सांगतलेलं."

"त्याची फीस कशातून भरली, हे त्याले कोनं सांगतलं?"

गयाबाई ओट्यावर बसून राहिल्या. चहा झाला, दुपार कलली, तरी उठल्या नाहीत. शेवटी रुक्मानंच ट्रंक ओढली आणि तळातून पिवळं पडलेलं कार्ड काढलं. फोटोतली रुक्मा विशीतली होती. खाली काम लिहिलं होतं: गाडीभराई.

दीड महिन्यानं नवा फलक लागला. त्यावर भराई करणाऱ्या बायांचा उल्लेख होता आणि कार्डासोबत रुक्माचं नाव. रुक्मा मुलाला घेऊन आली होती. तो बराच वेळ त्या फोटोसमोर उभा राहिला, मग त्यानं आईचा हात धरला.

भूपेंद्र गयाबाईंना ओशाळून म्हणाला, "तुमचं नाव नाही टाकता आलं."

"माहं राहू द्या," गयाबाई म्हणाल्या. "पण आमी चाळीस जणी होतो. कुम्हारीची भागाबाई अजून आहे. उद्या तिच्याकडं जाऊन कार्ड आहे का पाहतो."

उन्नतीनं कुणी न सांगताच भूपेंद्रला कुम्हारीच्या बसची वेळ विचारली.